बोअरचं पाणी आणि कंगव्यातले केस

रत्नागिरीची माझी भाची गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये शिकायला सोलापुरात आली. डिसेंबरातल्या एका रविवारी ती घरी आली, ती हातात कंगवा घेऊनच. "मावशी, इथलं पाणी मला लागलं गं," म्हणाली. कंगव्यात सुपारीएवढा गुंता होता. वसतिगृहात न्हायला बोअरचं पाणी. खोलीतल्या इतर मुलींचंही हेच म्हणणं, की या पाण्यानं केस जातात. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. शेजारच्या काकूंकडून, बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलींकडून, पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांकडून. त्या रविवारी मी ते पहिल्यांदा नीट तपासून पाहिलं.

पाण्याबद्दल ती सांगत होती ते खरंच होतं. सोलापूरच्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. त्यातल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकाच्या भेगांत मुरत ही खनिजं विरघळवत राहतं. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभ्याची जमीन दरवर्षी धुऊन निघते, विहिरीचं पाणी हलकं राहतं. आपल्याकडे पाऊस साधारण ५५० ते ६०० मिलिमीटर. मुरतं थोडं, उन्हानं उडून जातं जास्त, आणि क्षार मागे उरतात. शेतात नांगरताना चुनखडीचे पांढरे खडे वर येतात ते याच गोष्टीची खूण. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात, आपण जड म्हणतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजे या जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन सारख्या बाटल्या मांडल्या. एकीत आमच्या बोअरचं पाणी, दुसरीत नळाचं, म्हणजे उजनी धरणाचं, तिसरीत बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. तिन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकला आणि भाचीला हलवायला सांगितलं. डिस्टिल्डच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस आला. नळाच्या पाण्यात फेस आला, पण खाली पाणी गढुळलं. बोअरच्या बाटलीत फेस नावालाच, आणि फाटलेल्या दुधासारख्या पांढऱ्या कण्या तरंगायला लागल्या. साबण म्हणजे मेदाम्लांचा सोडियम क्षार. पाण्यातलं कॅल्शियम सोडियमला बाजूला सारून त्याची जागा घेतं, आणि जो नवा क्षार होतो तो पाण्यात विरघळतच नाही. बादलीच्या कडेला बोट फिरवलं की जो चिकट थर हाताला लागतो, तो हाच. केस साबणानं धुतले तर तो केसांवरही बसतो.

मग बाटल्या धुऊन तोच प्रयोग शांपू घालून केला. तिन्हींत फेस आला. शांपूतले मलनाशक रेणू वेगळ्या जातीचे असतात, कॅल्शियमशी त्यांचा असा साका होत नाही. रिठा-शिकेकाईत फेस आणणारं जे सॅपोनिन असतं, त्याचंही तेच. जड पाण्याच्या या मुलखात आमच्या आज्या-पणज्यांनी शिकेकाई सोडली नाही, त्यामागे ही रसायनशास्त्राची पक्की बाजू आहे, असं मला मनापासून वाटतं.

केसाचं काय होतं, तेही सांगते. डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो. तो केराटिन या प्रथिनाचा दोरा आहे आणि त्यावर माशासारखे बारीक खवले असतात. पाण्यात भिजला की तो आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी शोषतो आणि सुमारे १५ टक्के जाड होतो. लांबी मात्र एक-दोन टक्केच वाढते. हवेतल्या दमटपणानंही केस असा लांब-आखूड होतो. १७८३ साली सोश्यूर या स्विस शास्त्रज्ञानं माणसाचा केस ताणून आर्द्रता मोजायचं यंत्र बांधलं, ते याच गुणाच्या जोरावर. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारची हवा पार कोरडी होते तेव्हा केस भुरभुरतात, कंगव्याला चिकटतात. तेही तेच यंत्र, आपल्या डोक्यावरचं.

केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून पाण्यातलं धन भाराचं कॅल्शियम तिथे जाऊन बसतं. रंगवलेल्या केसांवर अधिकच. खवले उभे राहतात, केस राठ लागतो, गुंततो. त्यानं केस कमजोर होतो का? २०१३ मध्ये कोइमतूरच्या डॉक्टरांनी जड आणि शुद्ध पाण्यात केस भिजवून त्यांची ताणशक्ती तपासली, लक्षणीय फरक सापडला नाही. २०१८ मध्ये पाकिस्तानात ७० पुरुषांच्या केसांवर असाच प्रयोग झाला, तिथे जड पाण्यातले केस कमजोर निघाले. माझ्या मते दोन्ही खरे असू शकतात, कारण पाणी किती जड आणि केस किती काळ भिजला यावर पुष्कळ अवलंबून आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ४० सेंटिमीटर वेणीचं टोक तीन वर्षांहून जुनं. आठवड्यातून दोनदा न्हायलं तर त्या टोकानं साडेतीनशे न्हाणी सोसलीत. शेवटं दुभंगणार ती तिथेच.

पण हे सगळं झालं केस तुटण्याबद्दल, आणि भाचीची तक्रार गळण्याची होती. म्हणून मी दिवाणावरच्या सोलापुरी चादरीचा गर्द निळा पट्टा पुढे ओढला आणि कंगव्यातले केस सोडवून एकेक त्यावर ठेवले. भिंग घेऊन ती वाकली. जवळजवळ प्रत्येक केसाच्या एका टोकाला खसखशीहून बारीक पांढरी गाठ होती. तुटलेल्या केसाला अशी गाठ नसते. हे केस मुळातून सुटले होते. आणि मुळाशी बोअरचं पाणी पोचत नाही. मूळ त्वचेच्या आत असतं, त्याला पाणी मिळतं ते रक्तातून.

तिथून मी कॅलेंडर काढलं. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग सुमारे तीन महिने विसावतो आणि गळतो. दिवसाला ५० ते १०० केस असे जाणं नेहमीचंच. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार असा धक्का बसला की पुष्कळ मुळं एकदम विसाव्याला जातात, आणि केस हातात येतात ते दोन-तीन महिन्यांनी. तोवर ताप विसरलेला असतो. समोर दिसत असते ती बादली, म्हणून दोष तिच्यावर जातो. भाचीला सप्टेंबरात दहा दिवस कडक ताप येऊन गेला होता. त्यात वसतिगृहातलं जेवण घशाखाली उतरत नाही म्हणून चहा-बिस्किटांवर दिवस काढलेले.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेनऊ, लोहाचा साठाही तळाला. यात ती एकटी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्तक्षय आढळला आहे. मला खरी तळमळ याचीच आहे. पाण्याला दोष देऊन बाई महागडी तेलं आणत राहते, आणि रक्तक्षय किंवा थायरॉइडचं दुखणं आत तसंच वाढत राहतं. केस मूठमूठ गळत असतील, थकवा असेल, पाळीत फार रक्त जात असेल, तर आधी रक्त तपासून घ्या.

भाचीनं विचारलं, "मग मी पाणी जास्त पिऊ का?" सोलापूरच्या उन्हात भरपूर प्यायलाच हवं, ते उष्माघात आणि मुतखड्यासाठी. गरजेपेक्षा जास्त प्यालेलं पाणी मूत्रपिंडं बाहेर टाकतात, ते केसांकडे वळत नाही. बाहेर आलेल्या केसाला तर आतून पाणी मिळायची वाटच नाही.

जड पाण्यावर उपाय आहेत, स्वस्तातले. पाणी उकळून निवू दिलं की कठीणपणाचा एक भाग पांढरा साका होऊन तळाशी बसतो. हीटरच्या कॉइलवरचं पांढरं कवच तेच. वरचं पाणी अलगद काढून घ्यावं. नळ आला की एक कळशी शेवटच्या तांब्यासाठी राखावी. न्हाण्याआधी खोबरेल लावावं. ते केसाच्या आत शिरतं, केस कमी फुगतो, आणि धुण्यात प्रथिनांची झीज कमी होते, असं २००३ च्या एका अभ्यासात दिसलं आहे. डोक्याला साबण नको. शांपूच्या बाटलीवर ईडीटीए हा घटक दिसला तर तो कॅल्शियमला धरून ठेवतो. शॉवरला लावायचे कोळशाचे फिल्टर क्लोरीन काढतात, कठीणपणा काढत नाहीत. त्यासाठी रेझिनचा, मिठानं पुन्हा ताजा करावा लागणारा सॉफ्टनर लागतो. आणि ओले केस टॉवेलनं खसाखसा पुसू नका. ओला केस कमजोर असतो. आपल्याच गावचा टॉवेल गुंडाळून ठेवा, तो पाणी टिपतो.

भाचीला लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. डब्यात भाकरी, पालेभाजी, शेंगाची चटणी आणि लिंबाची फोड, कारण क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागतं. चहा जेवणानंतर तासाभरानं. मार्चअखेर गळणं थांबलं. मे महिन्यात ती आली तेव्हा भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर लांबीचे नवे केस ताठ उभे होते, तेल लावूनही बसत नव्हते. वसतिगृहात न्हाणं अजून त्याच बोअरच्या पाण्यानं चालू आहे.