गावासमोर स्वतःला गुण देताना

नव्या सरपंचांच्या प्रशिक्षणात दुपारच्या सत्रात एक कागद बहुतेक वेळा वाटला जातो. माझी बलस्थानं कोणती, उणिवा कोणत्या, कोणती जबाबदारी मी टाळली? जेवणानंतरची वेळ, पंखे फिरताहेत, रकाने पटापट भरले जातात आणि कागद फाइलीत जातो. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातून आलेला हा प्रकार नवा वाटतो खरा, पण स्वतःची झाडाझडती घ्यायची सवय विदर्भातल्या खेड्यांना त्याच्या कितीतरी आधीपासूनची. फरक एवढाच की इथं ती चारचौघांत व्हायची.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्तीच. कर्ज काढून सण कशाला, पोरं शाळेत जातात का, दारू कोण पितं? उत्तर समोरच्या गर्दीनंच द्यायचं. शेजारी गावचा पाटील बसलेला, मागं बायको बसलेली, त्यामुळं खोटं बोलायची सोय फारशी नसे. शिवाय विचारणाऱ्याच्या हातात दिवसभर खराटा होता, म्हणून त्याला विचारायचा अधिकार होता.

गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. त्याच गावाचं पुढं सेवाग्राम झालं. रोजनिशी लिहायची आणि कातलेल्या सुताचा हिशोब ठेवायची शिस्त साबरमतीलाच बसली होती. तिथं संध्याकाळच्या प्रार्थनेत हजेरी व्हायची आणि नाव पुकारलं की ज्यानं त्यानं आपला त्या दिवसाचा सुताचा आकडा सांगायचा. कमी भरलं तर सगळ्यांना ऐकू जायचं.

तुकडोजी महाराजांनी याला गावाचं परिमाण दिलं. मोझरीचा गुरुकुंज आश्रम १९३५ चा. सामुदायिक ध्यान, प्रार्थना आणि खंजिरीवरची भजनं यांतून त्यांनी गुरुदेव सेवा मंडळाचे कार्यकर्ते घडवले. ‘ग्रामगीता’ १९५५ मध्ये आली. गाव बिघडलं तर आधी गावकऱ्यानं आणि पुढाऱ्यानं आपलं वागणं तपासावं, हा तिचा रोख आहे. गंमत अशी की त्याच १९५५ साली अमेरिकेत जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोन मानसशास्त्रज्ञांनी ‘जोहारी खिडकी’ ही स्वतःला ओळखायची चौकट मांडली. आजच्या नेतृत्व प्रशिक्षणांत ती हटकून शिकवतात. तिच्या चार खणांपैकी एक खण असा, की जे दुसऱ्यांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनातली गर्दी त्याच खणात बसलेली असायची, असं मला वाटतं.

या परंपरेचं सगळ्यांत सकस रूप मात्र गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावात दिसतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. घोषणा सोपी आहे, तिची किंमत जड आहे. सरकार आपणच म्हटल्यावर दोष द्यायला दुसरं कोणी उरत नाही. त्यासाठी गावानं अभ्यासगट आणि ग्रामसभा वेगळ्या ठेवल्या. अभ्यासगटात फक्त बोलायचं, माहिती घ्यायची, एकमेकांचं ऐकायचं. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीनं. एक माणूस जरी अडला तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. वेळखाऊ पद्धत आहे. पण दारूबंदी असो की जंगल वापरायचे नियम, आपण स्वतः काय सोडणार हे प्रत्येकाला सगळ्यांसमोर बोलावं लागलं. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा राखणीची सवय आधीच अंगवळणी पडलेली होती.

सरकारी गुणपत्रिका नंतर आल्या. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान, २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम. गावं झडझडून कामाला लागली, हे मान्यच. पण गुणांमागं बक्षीस होतं, आणि बक्षीस असलं की आपल्या उणिवा कोण लिहून देतो?

बचत गटांत तीच कसोटी जास्त टिकली. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात गटाची पारख पंचसूत्रीवर होते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड, नियमित हिशोब. यावर श्रेणी ठरते आणि फिरता निधी, बँकेचं कर्ज त्यावर अवलंबून असतं, म्हणजे इथंही पैसा आहेच. तरी वही सगळ्याजणींसमोर उघडते. ‘या महिन्यात माहा हप्ता राह्यला’ हे ज्या बाईचा राहिला तिनंच सांगायचं असतं, मग ती अध्यक्ष का असेना. पंचायतीत महिलांना १९९३ च्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांश आणि राज्यात २०११ पासून निम्म्या जागा राखीव झाल्या. त्या जागांवर उभ्या राहिलेल्या कितीतरी जणी आधी अशाच वहीसमोर बसलेल्या होत्या. प्रशिक्षणातला तो कागद फाइलीत जाण्याआधी ग्रामसभेत मोठ्यानं वाचायची अट घालायला खर्च काहीच नाही. तशी अट अजून तरी कुणी घातलेली माझ्या पाहण्यात नाही.