पोटातली कळ आणि जनुकातली कळ

पेलाभर दूध प्यायल्यावर तास-दोन तासांत पोट गुबारणे, गुडगुडणे, कळा येऊन जुलाब होणे, या सगळ्याला आपल्याकडे 'दूध बाधते' असे म्हणतात. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, आतड्यातून तशीच शोषली जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावरील लॅक्टेज हे विकर तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करते, तेव्हा कुठे ती रक्तात उतरते. विकर अपुरे पडले की ती न पचता मोठ्या आतड्यात जाते, आपल्यासोबत पाणी ओढून घेते आणि तेथील जिवाणू तिला आंबवून वायू तयार करतात. त्यांतला हायड्रोजन रक्तावाटे फुफ्फुसांत पोहोचतो. म्हणूनच लॅक्टोज पाजून उच्छ्वासातील हायड्रोजन मोजणे ही निदानाची रूढ चाचणी आहे.

जुलाब-वांतीच्या आजारात अस्तर सोलवटले तर हा त्रास तात्पुरता होतो आणि अस्तर भरून आले की थांबतो. एरवी मात्र याला रोग म्हणणे अवघडच आहे, कारण अंगावरचे दूध सुटल्यानंतर लॅक्टेज आटत जाणे हा सस्तन प्राण्यांचा नियमच आहे आणि जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढ माणसे तो पाळतात. कोडे आहे ते उरलेल्यांचे.

ते २००२ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी उलगडले. दुसऱ्या गुणसूत्रावरील लॅक्टेजचे जनुक दूध पचणाऱ्यांत आणि न पचणाऱ्यांत सारखेच धड असते. फरक असतो तो डीएनएची सुमारे चौदा हजार अक्षरे अलीकडे, एमसीएम-६ या शेजारच्या जनुकात. तिथे 'सी'च्या जागी 'टी' आला की लॅक्टेज चालू ठेवणारी कळ मोठेपणीही बंद पडत नाही. आई किंवा वडील, कोणा एकाकडून असा 'टी' मिळाला तरी पुरते. पूर्व आफ्रिकेतील पशुपालकांत हेच काम त्याच भागातील वेगळे बदल करतात, हे २००७ मध्ये दिसले. भारतात मात्र प्रामुख्याने युरोपातलाच 'टी' आढळतो आणि वायव्येकडून दक्षिणेला व पूर्वेला जाताना त्याचे प्रमाण घटत जाते.

तरीही या 'टी'वाचून दुभत्याचे काही अडले नाही. विरजणातील जिवाणू बरेचसे लॅक्टोज स्वतःच फस्त करतात, आणि श्रीखंडासाठी पंचात बांधून टांगलेल्या दह्यातून रात्रभर जे हिरवट-पिवळे पाणी ठिबकते, त्याबरोबर उरलेल्यातलाही मोठा वाटा भांड्यात उतरतो.