सॅल्फर्ड रेड डेव्हिल्सचा २०१९ चा हंगाम

इंग्लंडमधील सुपर लीग ह्या व्यावसायिक रग्बी लीग स्पर्धेत सॅल्फर्ड रेड डेव्हिल्स ह्या संघाने २०१९ साली केलेली अनपेक्षित कामगिरी. हंगामाआधीच्या बहुतेक भाकितांनी ह्या संघाला तळाच्या जागांवर बसवले होते. प्रत्यक्षात बारा संघांच्या साखळीत तो तिसरा आला आणि १२ ऑक्टोबर २०१९ रोजी ओल्ड ट्रॅफर्ड ह्या मँचेस्टर युनायटेडच्या फुटबॉल मैदानावर अंतिम सामना खेळला. तेथे सेंट हेलेन्सने त्याला २३–६ असे हरवले. सुपर लीगचा अंतिम सामना गाठण्याची क्लबची ही पहिलीच वेळ होती.

रग्बी लीग हा रग्बीचा तेरा खेळाडूंचा प्रकार. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांची बैठक झाली आणि मूळ रग्बी संघटनेपासून ते वेगळे झाले. शनिवारच्या सामन्यापायी गिरणी व खाणकामगारांची जी मजुरी बुडे तिची भरपाई द्यावी की नाही, एवढाच वरकरणी वाद होता. फुटीनंतर नियमही वेगळे होत गेले. १९०६ साली खेळाडू पंधरावरून तेरावर आले. आजच्या खेळाचा कणा म्हणजे सहा पकडींचा नियम. कबड्डीत पकड झाली की चढाई संपते. येथे पकड झाली की खेळ क्षणभर थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. पकडला गेलेला गडी उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने मागे सारतो आणि मागे वाकून उभा असलेला सोबती तो उचलतो. एव्हाना बचावाची फळी दहा मीटर मागे गेलेली असावी लागते. असे सहा पकडींपर्यंत चालते. सहाव्या पकडीला चेंडू प्रतिपक्षाचा. म्हणून पाचवी पकड झाली की बहुधा लाथेने चेंडू पुढे धाडतात. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, तिला ४ गुण. ट्रायनंतर वा दंड म्हणून लाथेने खांबांमधून मारलेल्या गोलला २ आणि चालू खेळात चेंडूचा टप्पा पाडून मारलेल्या ड्रॉप गोलला १. हा एक गुण पुढे महत्त्वाचा ठरतो.

सॅल्फर्ड हे मँचेस्टरला अर्वेल नदीने जेमतेम वेगळे केलेले शहर. गिरण्या आणि १८९४ मध्ये खुल्या झालेल्या मँचेस्टर जहाज कालव्याच्या गोद्या ही त्याची जुनी ओळख. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मुंबईहून निघालेला कापूस ज्या लँकेशायरला जाई, त्याच पट्ट्यातले हे गाव. क्लबचा उगम १८७३ च्या सुमाराचा मानतात. मँचेस्टरच्या ह्यूम भागातील कॅव्हेंडिश स्ट्रीटवरच्या शाळेतल्या मुलांनी संघ काढला आणि १८७९ च्या आसपास त्याने सॅल्फर्ड हे नाव घेतले. बंडखोर संघटनेत तो पहिल्या वर्षी नव्हता. १८९६ मध्ये सामील झाला. १९०१ पासून २०११ पर्यंत त्याचे घरचे मैदान वीस्ट भागातील ‘द विलोज’ हे होते.

‘रेड डेव्हिल्स’ ह्या नावाचा उगम मात्र सरळ सांगता येत नाही. प्रचलित मत असे : एप्रिल १९३४ मध्ये झाँ गालिया ह्यांच्या पुढाकाराने फ्रान्समध्ये रग्बी लीगची स्थापना झाली. त्या नव्या खेळाचा प्रचार करण्यासाठी सॅल्फर्डचा संघ त्याच वर्षी शरद ऋतूत फ्रान्सच्या दौऱ्यावर गेला. लाल जर्सीतला त्याचा झंझावात पाहून तेथील वार्ताहरांनी त्याला ‘ले दियाब्ल रूज’, म्हणजे लाल सैतान, म्हटले आणि ते नाव घेऊनच संघ परतला. ह्या मतात अडचण एकच : हा शब्दप्रयोग फ्रेंच भाषक वृत्तपत्रांना तेव्हा नवा नव्हता. बेल्जियमच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाला १९०६ पासूनच तो लावला जात होता. तेव्हा फ्रेंच वार्ताहरांनी सॅल्फर्डसाठी नवे नाव घडवले असे म्हणण्यापेक्षा, लाल जर्सीच्या जोरदार संघासाठी हाताशी असलेला शब्द वापरला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. दौऱ्याचा आणि नावाचा संबंध त्यामुळे तुटत नाही. फक्त त्यातली दंतकथा थोडी उतरते.

ह्याला जोडून दुसरा वाद आहे. मँचेस्टर युनायटेड ह्या फुटबॉल क्लबचे ‘रेड डेव्हिल्स’ हे नाव सॅल्फर्डकडून आले काय? १९५८ च्या म्युनिक विमान अपघातानंतर ‘बझ्बी बेब्ज’ (बझ्बींची बाळे) हे तरुण संघाचे कोवळे नाव नकोसे झाले, म्हणून व्यवस्थापक मॅट बझ्बी ह्यांनी शेजारच्या रग्बी संघाचे नाव उचलले, असे सर्वसाधारणपणे मानतात. युनायटेडच्या चिन्हात त्रिशूळधारी सैतान दिसू लागतो तो मात्र १९७० च्या सुमारास. मधल्या दहा-बारा वर्षांत नाव हळूहळू रुळले असावे. उसनवारीच्या बाजूने एक भौगोलिक पुरावाही आहे : युनायटेडचे सरावाचे मैदान ‘द क्लिफ’ हे सॅल्फर्डमध्येच होते आणि पूर्वी तेथे ब्रॉटन रेंजर्स हा रग्बी लीग संघ खेळत असे. दोन्ही खेळांची माणसे एकाच गल्लीत वावरत होती. सॅल्फर्ड क्लबनेच आपल्या अधिकृत नावात ‘रेड डेव्हिल्स’ घातले ते पार २०१३–१४ च्या सुमारास, मारवान कौकाश मालक असताना. त्याआधी तो ‘सॅल्फर्ड रेड्स’ आणि पुढे ‘सॅल्फर्ड सिटी रेड्स’ होता. म्हणजे उसने देणाऱ्याने आपली वस्तू पाटीवर लावली ती घेणाऱ्यानंतर.

संघाचे पूर्ववैभव दोन कालखंडांत विभागले जाते. पहिला न्यूझीलंडचे लान्स टॉड ह्यांच्या व्यवस्थापनाचा (१९२८–४०). त्यात १९३३, १९३७ व १९३९ ची विजेतेपदे आणि १९३८ चा चॅलेंज कप (साखळीहून वेगळी बाद पद्धतीची स्पर्धा) येतो. त्या कपाच्या अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा पुरस्कार आजही टॉड ह्यांच्याच नावाचा आहे. दुसरा कालखंड १९७० च्या दशकाचा. वेल्सचे डेव्हिड वॉटकिन्स, कीथ फील्डिंग, क्रिस हेस्केथ असे खेळाडू संघात होते. वॉटकिन्स ह्यांनी १९७२–७३ च्या एका हंगामात २२१ गोल मारले. १९७४ आणि १९७६ मध्ये संघ विजेता ठरला.

२०१९ च्या संदर्भात ‘त्रेचाळीस वर्षांनी’ असे जे लिहिले जाते ते १९७६ पासून मोजून. ही तुलना जपून केली पाहिजे. १९७४ व १९७६ ची विजेतेपदे साखळीच्या तक्त्यात अव्वल राहून मिळाली होती. त्या काळी विजेता ठरवायला अंतिम सामना नव्हता. बाद फेरीची प्रीमियरशिप ही वेगळी स्पर्धा होती आणि १९७६ मध्ये तिचा अंतिम सामना सॅल्फर्ड सेंट हेलेन्सकडूनच हरला होता. सुपर लीगमध्ये १९९८ पासून अंतिम सामन्याचा विजेता तोच विजेता. जुन्या मापाने मोजले तर २०१९ चा सॅल्फर्ड तिसरा. नव्या मापाने उपविजेता.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात एवढेच की संघ वरच्या आणि खालच्या श्रेणीत ये-जा करीत राहिला. २०१२ मध्ये तो बार्टन येथील नव्या मैदानावर गेला. तेथे सेल शार्क्स हा पंधरा खेळाडूंच्या रग्बीचा संघ त्याचा सहनिवासी होता, आणि शहराच्या वस्तीपासून दूर असल्याने विलोजची गर्दी तिकडे कधीच पूर्णपणे वळली नाही. कौकाश ह्यांच्या मालकीच्या काळात पैसा आला, नामांकित खेळाडू आले, तसेच वेतनमर्यादेच्या उल्लंघनाचा ठपकाही आला. त्यापायी २०१६ मध्ये संघाचे सहा गुण कापले गेले आणि तो पदावनती टाळण्याच्या लढतीत जाऊन पडला.

‘मिलियन पाउंड गेम’ असे टोपणनाव मिळालेली ही लढत ऑक्टोबर २०१६ मध्ये हल येथे हल किंग्स्टन रोव्हर्सशी झाली. अखेरची काही मिनिटे उरली असताना रोव्हर्स १८–१० ने पुढे होते. ग्रेग जॉन्सन आणि नायल इव्हाल्ड्स ह्यांनी लागोपाठ दोन ट्राय केल्या. दोन्हींवरचे गोल हुकले, म्हणून बरोबरी १८–१८. जादा वेळेत पहिला गुण घेणारा जिंकणार होता. गॅरेथ ओब्रायन ह्याने खूप दुरून ड्रॉप गोल मारला आणि चेंडू खांबांमधून गेला. सॅल्फर्ड १९–१८ ने टिकले, रोव्हर्स खाली गेले. २०१९ ची गोष्ट सांगणाऱ्यांनी ह्या लाथेपासून सुरुवात केली तर ती चूक म्हणता येणार नाही. २०१८ मध्येही संघ पुन्हा बढती-पदावनतीच्या पात्रता फेरीत होता. तेथून तो सुपर लीगमध्ये टिकून राहिला. कौकाश तोवर बाजूला झाले होते आणि तिजोरी आटली होती.

प्रशिक्षक इयन वॉटसन हे स्वतः सॅल्फर्डचेच, क्लबचे माजी खेळाडू. त्यांनी जमवलेला संघ बहुतांशी इतरांनी सोडून दिलेल्या वा बाजूला ठेवलेल्या खेळाडूंचा होता. लोगन टॉमकिन्स, जॉश जोन्स, ली मॉसप, क्रिस्नान इनू, केन सिओ, क्रिस वेल्हॅम ही त्यांपैकी काही नावे. हंगामाच्या मध्यावर हाफबॅक, म्हणजे चाली रचणारा खेळाडू, रॉबर्ट लुई लीड्सकडे गेला आणि त्या बदल्यात तुई लोलोहेआ आला. ही अदलाबदल तेव्हा आतबट्ट्याची वाटली असेल. संघाने उत्तरार्धात जो वेग धरला तो मात्र लोलोहेआच्या आगमनानंतर.

ह्या सर्वांत केंद्रस्थानी जॅक्सन हेस्टिंग्ज. सिडनीच्या ईस्टर्न सबर्ब्सचे एकेकाळचे हाफबॅक केव्हिन हेस्टिंग्ज ह्यांचा हा मुलगा. मॅनली क्लबमध्ये बेबनाव होऊन राखीव संघात पडला आणि २०१८ च्या मध्यावर इंग्लंडला आला. २०१९ मध्ये त्याला मॅन ऑफ स्टील हा सुपर लीगचा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान मिळाला. त्या वर्षी ह्या सन्मानाची पद्धत बदलली होती : प्रत्येक सामन्यानंतर माजी खेळाडूंचे मंडळ तिघांना ३, २ व १ असे गुण देई आणि वर्षाची बेरीज होई. म्हणजे हेस्टिंग्जचा मान दोनचार चमकदार सामन्यांचा नव्हता, आठवड्यामागून आठवडे साठलेला होता. पुढच्या वर्षी तो विगनला जाणार हे हंगाम चालू असतानाच ठरले होते.

साखळीत प्रत्येकी २९ सामने झाले. त्यांपैकी १७ जिंकून सॅल्फर्डने ३४ गुण मिळवले. सेंट हेलेन्सने २६ जिंकले होते, ते एकटेच वेगळ्या पंक्तीत. बाद फेरी त्या वर्षी नव्याने पाच संघांची झाली होती आणि तिची रचना आयपीएलच्या क्वालिफायर-एलिमिनेटरची सवय असलेल्यांना फारशी परकी वाटणार नाही : वरच्या संघांना एक पराभव माफ, खालच्यांना नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या विगनने सॅल्फर्डला १८–१२ ने हरवले. त्या पराभवाने सॅल्फर्ड बाहेर गेले नाही. पुढच्या सामन्यात त्यांनी कॅसलफर्डला २२–० असे रोखले. दरम्यान सेंट हेलेन्सने विगनला ४०–१० ने धुऊन काढले, आणि अंतिम फेरीच्या दारात पुन्हा विगन–सॅल्फर्ड अशी गाठ पडली, तीही विगनच्याच मैदानावर. सॅल्फर्ड २८–४ ने जिंकले. हेस्टिंग्ज ज्या प्रेक्षकांपुढे पुढच्या वर्षी घरचा म्हणून उतरणार होता, त्यांनाच त्याने त्या रात्री हंगाम संपवून घरी पाठवले.

अंतिम सामन्याला ६४,१०२ प्रेक्षक होते. सेंट हेलेन्सच्या मॉर्गन नोल्स, झेब टाया व मार्क पर्सिव्हल ह्यांनी ट्राय केल्या. सॅल्फर्डची एकमेव ट्राय वेल्हॅमची. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा हॅरी संडरलँड करंडक सेंट हेलेन्सच्या ल्यूक थॉम्पसनला मिळाला.

ह्या हंगामाला सर्रास ‘परीकथा’ म्हटले जाते. प्रस्तुत नोंदलेखकाला तो शब्द पटत नाही. वेतनमर्यादा असलेल्या लीगमध्ये वरच्या व खालच्या संघांतले अंतर पैशापेक्षा निवडीने आणि टिकवणुकीने ठरते. वॉटसन ह्यांची निवड अचूक होती. टिकवणुकीला लागणारे बळ क्लबकडे नव्हते. हेस्टिंग्ज विगनला आणि जॉश जोन्स हल एफसीला गेला. तरीही २०२० मध्ये संघाने चॅलेंज कपचा अंतिम सामना गाठला, १९६९ नंतर प्रथमच. साथीमुळे वेम्ब्लीच्या रिकाम्या मैदानात झालेला हा सामना लीड्सने १७–१६ ने जिंकला, निर्णायक गुण ल्यूक गेलच्या ड्रॉप गोलचा. एका गुणाने तरलेला संघ चार वर्षांनी एका गुणाने हरला. त्यानंतर वॉटसन हडर्सफील्डला गेले.

क्लबची आर्थिक ओढाताण पुढे वाढतच गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत नियामक मंडळाने वेतनखर्चावर घातलेल्या मर्यादेमुळे हंगामाच्या पहिल्याच सामन्यात बहुतांश नवख्या व राखीव खेळाडूंचा संघ उतरवावा लागला. प्रतिस्पर्धी सेंट हेलेन्स, निकाल ८२–०.