शाळेत डॉक्टरांची गाडी आली, लेकराला चिठ्ठी मिळाली, आता पुढं काय करायचं?

आमच्या गावच्या झेडपी शाळेत डॉक्टरांची गाडी आल्ती तेव्हा तिसरीतल्या एका पोरीची छाती तपासून मॅडमनी चिठ्ठी लिहून दिली, की सिव्हिलला दाखवा म्हणून. ती चिठ्ठी चार महिने गणिताच्या वहीत पडून होती. आईला वाचता येत नव्हतं, बाप पुण्याला बांधकामावर, आणि पोरीला वाटलं शाळेचा कागद आहे, राहू दे. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे आणि मलाही कळलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. शेवटी नेलं, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, हृदयाला छिद्र निघालं, ऑपरेशन झालं, घरच्यांना ऑपरेशनचा रुपया लागला नाही, आता ती खो-खो खेळायली. पण ते चार महिने उगीच गेले ना, म्हणून हे सगळं बैजवार लिहायलो.

ही जी तपासणी होती तिचं नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, दवाखान्यात सगळे आरबीएसकेच म्हणतात. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरहून याची सुरुवात झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठी आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येतं, पथकात दोन डॉक्टर असतात, एक पुरुष एक बाई, सोबत नर्स आणि फार्मासिस्ट. हे पथक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला नाहीतर उपजिल्हा रुग्णालयाला जोडलेलं असतं, हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येतं.

कोणाला मिळतं? सरकारी आणि अनुदानित शाळेतली पहिली ते बारावीची पोरं आणि अंगणवाडीतली लेकरं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड पिवळं का केशरी, या तपासणीला कायच विचारत नाहीत. आधारसुद्धा लागत नाही, हजेरीपटावर नाव असलं की झालं. विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला मात्र हे पथक जात नाही, त्या पालकांनी लेकराला स्वतः सरकारी दवाखान्यात दाखवायचं, खाली जी फुले योजना सांगितली ती त्यांनाही चालते.

आता तपासणीचा दिवस. गाडी कधी येणार ते मुख्याध्यापकांना आधी कळवलेलं असतं, गुरुजींना विचारून ठेवा आणि त्या दिवशी पोराला शेतात नेऊ नका, कापूस वेचायचा एक दिवस राहिला तरी चालतो. अजून एक गोष्ट, जी कोणी करत नाही पण लई उपयोगाची आहे. डॉक्टरला एका दिवसात पोरं ढीगभर बघायची असतात आणि पोरगं लाजून काय बोलत नाही, म्हणून घरी जे दिसतं ते एका कागदावर लिहून पोरासोबत पाठवा. खेळताना लवकर धाप लागते का, रडताना ओठ किंवा नखं निळी पडतात का, सारखा न्यूमोनिया होतो का, कान वाहतो का, कधी फिट आली का, रात्री अंधुक दिसतं का, फळ्यावरचं वाचायला पुढं जाऊन बसतं का, बोलायला उशीर झाला का. घसा धरून ताप आला आणि मग काही दिवसांनी गुडघे-घोटे सुजले असं झालं असेल तर ते नक्की लिहा, कारण त्याच दुखण्यात पुढं हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात आणि घरचे त्याला वात समजून तेल चोळत बसतात.

पथक काय काय बघतं तर चार प्रकार. जन्मतः असलेले दोष, म्हणजे फाटलेला ओठ-टाळू, वाकडं पाऊल, जन्मतः मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचा दोष. मग कमतरता, म्हणजे रक्त कमी, अ आणि ड जीवनसत्त्व कमी, गलगंड, कुपोषण. मग आजार, म्हणजे त्वचेचे, दातांचे, कानाचे, दम्याचे, फिटचे. आणि वाढीतला उशीर, म्हणजे चालणं, बोलणं, ऐकणं, शिकणं यात मागं राहणं. स्वमग्नता पण त्यातच येते. पोरगं वाचताना अक्षरं उलटीपालटी करतं, घरी मार खातं, शाळेत ढ म्हणून मागं बसतं, त्यालाही यात दाखवता येतं.

किरकोळ असलं की जागेवर गोळ्या-औषध. मोठं काही वाटलं तर संदर्भ चिठ्ठी देतात आणि हीच चिठ्ठी म्हणजे तुमचा अर्ज. वेगळा फॉर्म नाही, ऑनलाईन काय भरायचं नाही, सेतूवर कोणाला पैसे द्यायचे नाहीत. चिठ्ठी हातात पडली की आधी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. हरवली तरी घाबरू नका, पथकाच्या नोंदवहीत नाव असतं, मुख्याध्यापकांना सांगा नाहीतर सरळ तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आरबीएसकेचे डॉक्टर कुठं बसतात ते विचारा.

पुढचा टप्पा जिल्ह्याच्या ठिकाणचा. तिथं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, डीईआयसी नावानं विचारलं तर लवकर सापडतं. बालरोगतज्ज्ञ, दातांचे डॉक्टर, कान तपासणारे, फिजिओथेरपी करणारे, मानसोपचाराचे लोक एकाच छपराखाली मिळावेत म्हणून ही केंद्रं काढलीत. मोठं दुखणं निघालं तर आपल्याकडं मराठवाड्यात घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेज, नाहीतर अंबाजोगाई किंवा नांदेडच्या मेडिकल कॉलेजला पाठवतात, काही ऑपरेशनला मुंबई-पुण्याकडं जावं लागतं. जायच्या आधी गावातल्या आशाताईंना नाहीतर पथकाच्या डॉक्टरांना फोन करून कोणत्या वारी कोणते डॉक्टर असतात ते विचारा, नाहीतर एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी दोन्ही जातं.

कागदं कोणती न्यायची? संदर्भ चिठ्ठी, लेकराचं आणि आई किंवा बापाचं आधार, रेशनकार्ड, जन्माचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, दोन-तीन फोटो, आणि आधी कुठं दाखवलं असेल तर ते जुने रिपोर्ट. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स आणि मूळ कागदं वेगळ्या पिशवीत.

ऑपरेशनची वेळ आली की दोन दोऱ्या एकत्र येतात, एक आरबीएसके आणि दुसरी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. फुले योजनेत एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पूर्वी पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांना नव्हतं, फक्त शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबारा दाखवून मिळायचं आणि त्यात आपले मराठवाड्याचे आठही जिल्हे होते, आता मात्र पांढरं कार्डही चालतं. दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो, ॲडमिट व्हायच्या आधीच त्याच्याकडं जा, योजनेत नोंदणी तोच करतो. शंका असली तर १५५३८८ वर फोन करा.

इथं गाडी अडते ती रेशनकार्डावर. लेकराचं नावच कार्डात चढवलेलं नसतं, किंवा आधारवर एक नाव आणि कार्डावर दुसरं. हे काम दवाखान्यात उभं राहून होत नाही, म्हणून चिठ्ठी मिळाल्याच्या आठवड्यातच तहसीलच्या पुरवठा विभागात जन्मदाखला आणि आधार घेऊन नाव चढवायला टाका. तान्ह्या बाळाचं नाव चढलं नसेल तर जन्मदाखला आणि आईसोबत काढलेला फोटो जवळ ठेवा. आणि कोणी म्हणलं की योजनेतलं ऑपरेशन आहे पण एवढे वरून द्या, तर देऊ नका, आरोग्यमित्राला सांगा आणि त्याच नंबरवर तक्रार करा.

शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात, पहिली ते पाचवीला गुलाबी, सहावीपासून निळी. ती घेतली की शी काळी होते, लई पालक घाबरून बंद करतात, बंद करू नका, ते लोहामुळं होतं. उपाशीपोटी मात्र घेऊ नये, खिचडी खाल्ल्यावर घ्यावी. जंताची गोळी चावून खायची असते, गिळायची नाही.

दहावी-बारावीची पोरं लातूर-नांदेडला क्लाससाठी खोली करून राहतात त्यांच्या आईबापासाठी एक नंबर, १४४१६. टेली-मानस, २४ तास, फुकट, मराठीत बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. पोरगं फोनवर तुटक बोलायलं, झोप येत नाही म्हणायलं, जेवत नाही असं मेसवाले सांगायलेत, तर टेस्टचे मार्क विचारायच्या आधी हा नंबर द्या, स्वतःही लावा, पालकांनी फोन केला तरी चालतो.

आता ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी, कारण बीड, धाराशिव, जालन्याकडची लई लेकरं यातच सुटतात. दिवाळीच्या आगेमागे टोळी गेली की लेकरू चार-पाच महिने फडावर, आणि तेवढ्यात गाडी शाळेत येऊन गेली तर त्याचा नंबर पुढच्या वर्षी. म्हणून कोयता उचलायच्या आधीच, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गुरुजींना सांगा की आमची लेकरं जाणारेत, पथकाला आधी बोलवता येतं का बघा. नाही जमलं तर तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जा. चिठ्ठी आधीच मिळालेली असेल आणि उचल म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतले म्हणून जावंच लागणार असेल, तर लेकराला आजीजवळ नाहीतर गावात हंगामी वसतिगृह चालू असेल तर तिथं ठेवा आणि चिठ्ठी, आधार, रेशनकार्ड, बोनाफाईड ही पिशवी आजीच्या हातात द्या, ट्रंकेत कुलूप लावून जाऊ नका. आशाताईंना तुमचा आणि मुकादमाचा असे दोन्ही नंबर लिहून द्या, म्हणजे ऑपरेशनची तारीख आली की निरोप फडावर पोचतो.