कांद्याचे तीन पापुद्रे

ब्राउझरची काळी ‘इन्कॉग्निटो’ खिडकी उघडली की आपण नेटवर कोणालाच दिसत नाही, असा समज भल्याभल्यांचा असतो. खिडकी बंद करताना आपल्या मशीनवरची हिस्टरी आणि कुकीज पुसून टाकणं, एवढंच तिचं काम. तोच कॉम्प्युटर नंतर वापरणाऱ्याला काही सापडू नये यासाठी ती चांगलीच आहे. पण समोरच्या वेबसाइटला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या कनेक्शनचा नेटवरचा क्रमांक, दिसतोच, आणि तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीलाही कळू शकतं.

हा पत्ता खोडून टाकता येत नाही. वेबसाइटचं उत्तर परत यायला तो लागतोच. मग उरतो मध्यस्थ. व्हीपीएन तेच करतं. वेबसाइटला मध्यस्थाचा पत्ता दिसतो आणि इंटरनेट कंपनीला तुमचं मध्यस्थाशी असलेलं कनेक्शन. पण मध्यस्थाला दोन्ही टोकं ठाऊक असतात! ‘शंभर टक्के अनामिक’ अशी व्हीपीएनची जाहिरात दिसली की हे आठवावं.

टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यात ही अडचण फार सुंदर रीतीने सोडवली आहे. ते खास टॉर ब्राउझरमधून वापरतात. ‘अनियन राउटिंग’ ही त्यामागची कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. रॉजर डिंगलडाइन, निक मॅथ्यूसन आणि पॉल सायव्हरसन यांनी तिच्यावर टॉर उभारलं आणि २००२मध्ये ते जाळं सुरू झालं. यात मध्यस्थ तीन असतात. जगभर स्वयंसेवकांनी चालवलेल्या हजारो सर्व्हरांमधून तुमचा ब्राउझर ते निवडतो.

ब्राउझर पहिल्या सर्व्हरशी एक गुप्त किल्ली ठरवतो. मग पहिल्यामार्फत दुसऱ्याशी दुसरी, आणि त्या दोघांमार्फत तिसऱ्याशी तिसरी. किल्ली कोणाशी ठरते आहे हे दुसऱ्याला आणि तिसऱ्याला कळतच नाही. आता निरोप पाठवायचा. तो आधी तिसऱ्या किल्लीने कुलूपबंद करायचा, त्यावर दुसऱ्या किल्लीचा थर, सगळ्यात बाहेर पहिलीचा. पहिला सर्व्हर आपला पापुद्रा सोलतो. आत त्याला निरर्थक आकडे दिसतात आणि ते दुसऱ्याकडे द्यायचे, एवढंच कळतं. दुसरा आपला थर काढून तिसऱ्याकडे देतो. तिसऱ्याने शेवटचा थर काढला की कोणत्या साइटकडे जायचं ते समजतं. तुम्ही कोण हे पहिल्याला माहीत, कुठे चाललात हे तिसऱ्याला, आणि मधल्याला यातलं काहीच नाही. उत्तर परत येताना प्रत्येक जण आपला थर चढवतो आणि तुमचा ब्राउझर तिन्ही एकदम उतरवतो.

यातली एक बारीक गोष्ट मला विशेष आवडते. खरा कांदा सोलला की लहान होतो. इथेही तसं झालं असतं, तर पाकिटाच्या आकारावरूनच सर्व्हरला आपला क्रमांक ओळखता आला असता. म्हणून थर चढवताना प्रत्येक बाइटमध्ये किल्लीपासून तयार केलेला एक गुप्त बाइट मिसळतात. त्यामुळे थर चढो वा उतरो, लांबी बदलत नाही. शिवाय निरोपाचे सारख्याच मापाचे, जवळपास पाचशे बाइटांचे तुकडे केलेले असतात. पाकीट आपल्यासाठीच आहे का, हे सर्व्हर थर काढल्यावर आतल्या पडताळणीच्या आकड्यावरून ओळखतो.

टॉर ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीवरच्या सर्किटच्या चिन्हावर क्लिक केलंत तर हे तीन टप्पे देशांच्या नावांसह दिसतात. जरूर पाहा.

टॉरचं नाव निघालं की ‘डार्क वेब’च्या, म्हणजे टॉरसारख्या जाळ्यातूनच उघडणाऱ्या लपवलेल्या साइटच्या, हिमनगाचं चित्र फिरू लागतं आणि नव्वद टक्के इंटरनेट तिथे दडलंय असं सांगितलं जातं. हे साफ चूक आहे. सर्च इंजिनला न दिसणाऱ्या पानांना डीप वेब म्हणतात. तुमचा ईमेलचा इनबॉक्सही त्यातच मोडतो. टॉरवरची बहुतांश वाहतूक तर साध्या, नेहमीच्या वेबसाइटकडेच जाते.

नौदलाची ही गोष्ट सर्वांसाठी खुली का केली? फक्त नौदलानेच ती वापरली असती, तर जाळ्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच, हे उघड झालं असतं. लपायला गर्दी लागते. २०१३मध्ये हार्वर्ड विद्यापीठाला परीक्षेच्या वेळी बॉम्बची धमकी देणाऱ्या विद्यार्थ्याने टॉर वापरलं होतं. त्याचं एन्क्रिप्शन कोणी फोडलं नाही. विद्यापीठाच्या नेटवर्कवरून त्या सुमारास टॉरला कोण जोडलं गेलं होतं, एवढं पाहून तपास त्याच्यापर्यंत पोहोचला. जाळ्याची दोन्ही टोकं एकाच वेळी पाहणाऱ्याला वेळा जुळवून माग काढता येतो. यावर टॉरकडे पक्का इलाज नाही.

आणि आपल्या खऱ्या नावाच्या खात्यात लॉगिन केलंत, तर त्या साइटपुरते तिन्ही थर वाया गेले. नाव न सांगताही ओळख पटू शकते. स्क्रीनचं माप, फॉन्ट, टाइमझोन यांचा मेळ पुष्कळदा ठशासारखा एकमेव ठरतो. म्हणून टॉर ब्राउझर सर्वांना शक्य तितकं एकसारखं दाखवतो. खिडकी मोठी केली की पानाच्या कडेला रिकाम्या पट्ट्या दिसतात. पानाचं माप ठरावीक टप्प्यांतच राहावं म्हणून त्या मुद्दाम सोडलेल्या असतात. त्या तशाच राहू द्या.