चहातली साखर पोटावर कशी पोचते

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लठ्ठ असलेल्या ४२ बायकांना सहा आठवडे मोजूनमापून जेवण दिलं, दिवसाला साधारण ११०० कॅलरींचं. एका गटाला त्यातली ४३ टक्के ऊर्जा साखरेतून मिळत होती, म्हणजे रोज जवळपास १२० ग्रॅम साखर. दुसऱ्या गटाला साखरेतून अवघी ४ टक्के. उरलेली जागा पिष्टमय पदार्थांनी भरून काढली होती. तेलतूप दोघींकडेही कमीच. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं वजन सरासरी ७ किलोंच्या आसपास उतरलं होतं, आणि चरबी घटण्यातही म्हणण्यासारखा फरक नव्हता.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी फेऱ्या संपवून बसलेल्या मंडळींत साखरेचा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकू येतात. एक, साखर म्हणजे पांढरं विष, ती सोडली की पोट आपोआप आत जातं. दुसरं, आमचे आजोबा पंगतीत जिलेब्यांचं ताट रिकामं करायचे आणि तरी शेवटपर्यंत सडपातळ राहिले, तेव्हा साखरेला उगाच बदनाम करू नका. ड्यूकचा प्रयोग पहिल्या मताला सुरुंग लावतो: जेवण मोजून दिलं तर साखरेत चरबी वाढवण्याची वेगळी जादू दिसत नाही. पण म्हणून दुसरं मत बरोबर ठरत नाही. आपल्याला जेवण कोणी मोजून वाढत नाही.

हा फरक आकड्यांत दाखवणारं काम न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलं आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले. ज्या मोठ्या माणसांना साखर कमी करायला सांगितली, बाकी हवं ते खाण्याची मोकळीक दिली, त्यांचं वजन सरासरी ०.८ किलो कमी झालं. ज्यांची साखर वाढवली त्यांचं पाऊण किलो वाढलं. आणि ज्या प्रयोगांत साखर काढून तितक्याच कॅलरींचा दुसरा पिष्टमय पदार्थ दिला, तिथे वजन जागचं हललं नाही. मला हे निष्कर्ष फार मोलाचे वाटतात, कारण त्यांत दोन्ही टोकाच्या मतांना उत्तर आहे. साखर आपल्याही नकळत एकूण खाणं वाढवते, आणि वजन वाढतं ते त्या वाटेनं.

आता शरीरात काय घडतं ते पाहू. चहाचा एक सपाट चमचा साखर म्हणजे सुमारे ४ ग्रॅम, १६ कॅलरी. साखरेच्या प्रत्येक रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडीनं असतात. लहान आतड्यात सुक्रेज नावाचं विकर (एन्झाइम) ही जोडी फोडतं. ग्लुकोज रक्तात मिसळतं, स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं, आणि पेशी ते ग्लुकोज वापरायला घेतात. तातडीनं लागत नाही ते ग्लायकोजेनच्या रूपात साठतं: यकृतात साधारण १०० ग्रॅम, सगळ्या स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास.

ही कोठारं भरली की उरलेल्या साखरेची थेट चरबी होते, असं बहुतेकांना वाटतं. माणसाच्या शरीरात तसं होतं, पण रोजच्या खाण्यात फार थोड्या प्रमाणात. साखरेची चरबी बनवणं शरीराला महागात पडतं, कारण त्या रूपांतरातच बरीच ऊर्जा खर्च होते. खरा परिणाम वेगळ्या ठिकाणी होतो. इन्सुलिन वाढलं की चरबीच्या पेशींतून चरबी बाहेर पडणं थांबतं आणि शरीर आधी ग्लुकोज जाळायला घेतं. वरळीच्या किंवा माहीमच्या कोळीवाड्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून सुके बोंबील डब्यात भरून ठेवतात. होडीवरून रोज ताजी मासळी येत असेल तर त्या डब्याला कोण हात लावील? अंगावरची चरबी ही तशीच बेगमी आहे. दिवसभर थोड्या थोड्या वेळानं साखर येत राहिली तर तिच्याकडे वळायची शरीराला गरजच पडत नाही. शिवाय गोड चहाबरोबर जो वडापाव किंवा खारी खाल्ली, तिच्यातलं तेलतूप जाळायची पाळी येत नाही आणि ते जसंच्या तसं साठ्यात जातं. चरबी बटाटेवड्याच्या तेलाची असते, पण ती अंगावर टिकते त्यात साखरेचा हात असतो.

तरीही हिशेब दिवसभराचाच धरावा लागतो. गोड खाल्ल्यावर चरबी जळणं काही तास मंदावलं आणि दिवसाचं एकूण खाणं खर्चापेक्षा कमी असलं, तर रात्री झोपेत शरीर ती कसर भरून काढतं. ड्यूकच्या बायकांचं वजन म्हणूनच उतरलं.

म्हणजे प्रश्न असा की एकूण खाणं वाढतं कसं? इथे मला मुंबईच्या पेयांबद्दल बोलायचं आहे, कारण या शहरात आपण साखर जितकी खातो त्याहून जास्त पितो असं मला वाटतं. टपरीवर चहा साखरेसकट उकळतो. कमी साखरेचा मागायची सोयच नसते. सकाळी घरी एक, ऑफिसात पोचल्यावर एक, अकराचा, चारचा, आणि घरी परतताना स्टेशनबाहेर एक कटिंग. प्रत्येकात दोन चमचे धरले तर ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी आहे: वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून येणारी सगळी साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. दोन हजार कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर यात धरलेली नाही. तेव्हा कोणतीही मिठाई तोंडात न टाकता, नुसत्या चहावर, आपण २५ ची रेघ ओलांडून पुढे गेलेले असतो. त्यावर मे महिन्यात रसवंतीतला उसाचा रस, पाव लिटर निखळ रसात ३० ग्रॅमच्या आसपास साखर. कोलाच्या ३०० मिलीलिटरच्या बाटलीतही जवळपास तेवढीच.

द्रव साखरेची अडचण अशी की पोट तिची नोंद नीट घेत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २००० साली १५ जणांवर झालेला एक प्रयोग याबाबत फार बोलका आहे. त्यांना चार आठवडे रोज ४५० कॅलरी जेलीच्या गोळ्यांतून दिल्या आणि दुसरे चार आठवडे तेवढ्याच कॅलरी गोड सोड्यातून. गोळ्या खाल्लेल्या काळात माणसं बाकीचं जेवण आपोआप तितकं कमी जेवली. सोडा प्यायलेल्या काळात मात्र जेवण कमी झालंच नाही आणि वजन वाढलं. साखर तीच, कॅलरी त्याच. चावून खाल्लं की तोंड, जठर आणि मेंदू यांना सावध व्हायला वेळ मिळतो. घोटाघोटानं पोटात गेलेलं बिनबोभाट निघून जातं. म्हणून आंबा कापून खाणं आणि आमरस वाटीनं पिणं यांत मी फरक करते, आमरस कितीही आवडता असला तरी.

मुलांच्या बाबतीत तर पुरावा आणखी भक्कम आहे. नेदरलँड्समध्ये साधारण पाच ते बारा वर्षांच्या ६४१ मुलांना दीड वर्ष रोज पाव लिटर पेय दिलं. निम्म्यांना साखरेचं, १०४ कॅलरींचं. निम्म्यांना त्याच चवीचं बिनसाखरेचं. कोणाला कोणतं मिळतंय हे मुलांनाही ठाऊक नव्हतं आणि देणाऱ्यांनाही. २०१२ मध्ये आलेल्या निकालात साखरेचं पेय पिणाऱ्या मुलांचं वजन सरासरी ७.३७ किलोंनी वाढलं होतं, दुसऱ्या गटाचं ६.३५ किलोंनी. चरबीही दुसऱ्या गटात कमी साठली होती. दिवसाला एक छोटी बाटली, आणि दीड वर्षात एक किलोचा फरक! सीबीएसईनं २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं ते मला मनापासून पटलं. शाळा सुटताना फाटकाबाहेर रंगीत सरबतं आणि बर्फाचे गोळे घेऊन गाड्या उभ्या असतात, तिथेही हा फलक लागावा अशी माझी इच्छा आहे.

मोठ्यांसाठी असा हिशेब मांडायला अमेरिकेतल्या केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक ठोकताळा दिला. वजन जास्त असलेल्या माणसानं रोजच्या खाण्यात कायमचा २४ कॅलरींचा बदल केला की वजन अखेर सुमारे १ किलोनं बदलतं. त्यातला निम्मा बदल पहिल्या वर्षात, बाकीचा जवळपास सगळा तीन वर्षांत. पाच चहांतली साखर पूर्ण सोडली आणि तिच्या जागी दुसरं काही खाल्लं नाही, तर सहा-साडेसहा किलो, तेही तीन वर्षांत. ‘साखर सोडा, महिन्यात दहा किलो घटवा’ असं सांगणाऱ्या व्हिडिओंना या गणितात कुठेच जागा नाही.

फ्रुक्टोजची गोष्ट थोडी वेगळी. त्याचा मोठा वाटा यकृतात जातो, आणि ग्लुकोजच्या तुलनेत यकृत त्याची चरबी अधिक सहज बनवतं. कॅलिफोर्नियात २००९ मध्ये झालेल्या प्रयोगात एका गटाला दहा आठवडे ग्लुकोजची पेयं दिली, दुसऱ्याला फ्रुक्टोजची. दोघांचं वजन सारखंच वाढलं, पण फ्रुक्टोजवाल्यांच्या पोटात, आतड्यांभोवती साठणारी चरबी वाढली. ही मात्रा मात्र अफाट होती, दिवसाच्या ऊर्जेचा पाव हिस्सा. साखरेतून इतकं फ्रुक्टोज मिळवायचं तर रोज पाव किलो साखर लागेल. पण डेन्मार्कमध्ये २०१२ मध्ये झालेल्या अभ्यासात रोज एक लिटर साध्या कोलावर सहा महिन्यांत यकृतातली आणि पोटातली चरबी वाढलेली दिसली. दूध, पाणी किंवा बिनसाखरेचा कोला पिणाऱ्यांमध्ये तसं झालं नाही. एक लिटर कोला ही कल्पनेतली मात्रा नाही.

पोटातल्या या चरबीचा आपल्या लोकांशी खास संबंध आहे, आणि तो जगाला दाखवून दिला तो पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. २००४ मध्ये लॅन्सेट नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, अगदी एकच, २२.३. दिसायलाही दोघे सडपातळ. पण मोजणी केली तर युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनाचा काटा दोघांना एकाच रांगेत उभं करत होता. याज्ञिकांच्या गटानं नवजात बाळंही तपासली होती: पुण्याजवळच्या गावांतली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी, स्नायूंनी कमी, पण चरबी मात्र राखून असलेली. म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २३ बीएमआयला धरतात, २५ ला नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले; त्यांत एकूण लठ्ठपणा २८.६ टक्के लोकांत, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत आढळला.

आजोबांच्या जिलेबीच्या गोष्टीकडे मला यामुळे वेगळ्या नजरेनं पाहावंसं वाटतं. गिरणीत आठ तास उभं राहून काम करणाऱ्याचे स्नायू ग्लायकोजेन रोज रिकामं करायचे. पंगतीतल्या साखरेला तिथे जागा मिळायची. लोकलमध्ये बसून किंवा लटकून ऑफिस गाठणाऱ्या आणि दिवसभर खुर्चीवर असणाऱ्या माणसाच्या स्नायूंत ती जागा आधीच भरलेली असते. साखर कमी केल्यानं चरबीचा ओघ कमी होतो, स्नायू मात्र त्यानं वाढत नाहीत. त्यासाठी वजनं उचलणं, जिने चढणं असा ताण द्यावा लागतो आणि ताटात पुरेशी प्रथिनं लागतात. चहा-बिस्किटांवर सकाळ काढणाऱ्यांच्या पोटात साखर आणि मैदा गेलेला असतो, आणि उसळ, अंडं, मासे यांची वेळ थेट दुपारी येते. माझ्या मते साखरेचं सर्वात मोठं नुकसान हेच आहे.

गुळाबद्दल थोडक्यात. शंभर ग्रॅम साखरेत ३९८ कॅलरी, शंभर ग्रॅम गुळात ३८३. चव न्यारी, थोडं लोह जास्त, पण पोटाच्या घेरासाठी दोघे सारखेच. बिनसाखरेच्या गोळ्या वजन उतरवण्याचा उपाय म्हणून वापरू नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सुचवलं आहे. ही सूचना ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना लागू नाही.

जीभ बदलते, हे मात्र आशेचं आहे. २०१६ मध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात काही जणांनी आहारातली साखर बरीच कमी केली. तीन महिन्यांनी तेच पुडिंग त्यांना, साखर कमी न केलेल्यांच्या तुलनेत, सुमारे ४० टक्के जास्त गोड लागलं. घरच्या चहात दोनाचे दीड आणि महिन्याभरानं दीडाचा एक चमचा करणं म्हणूनच टिकतं. टपरीवर साखर कमी करता येत नाही, तिथे कटिंगची संख्या कमी करावी लागते. गणपतीतले मोदक खुशाल खा. वर्षातल्या त्या दिवसांपेक्षा उरलेल्या दिवसांतल्या चहाचा हिशेब कितीतरी मोठा आहे.

आणि परिणाम मोजायचा तर वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेप वापरा. सर्वात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायचं. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. व्यायाम चालू असेल तर स्नायू वाढल्यामुळे काटा हलत नाही आणि घेर मात्र उतरतो. अशा वेळी टेपवर विश्वास ठेवा.