पेकोस चर्चचे उत्खनन

पेकोस चर्चचे उत्खनन : अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे शहराच्या आग्नेयेस सुमारे ४० किमी.वर पेकोस हे प्वेब्लो या मूळ अमेरिकन आदिवासी लोकांचे ओसाड गाव आहे. तेथील स्पॅनिश अमदानीतील चर्चच्या जागी १९६७ मध्ये एका जुन्या, विस्मृतीत गेलेल्या चर्चचा पाया सापडला.

कोरोनादो या स्पॅनिश सेनानीची मोहीम १५४० मध्ये येथे पोहोचली. १६२० च्या दशकात आंद्रेस हुआरेस या फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्याच्या देखरेखीखाली गावकऱ्यांनी मोठे चर्च उभारले. प्वेब्लो समाजात भिंती घालणे हे बायकांचे काम असे. पुरुषाने भिंत घातली तर बायका हसतात, असे पाद्री बेनाविदेस याने लिहून ठेवले आहे. त्यानेच १६३० मध्ये स्पेनच्या राजाला पाठविलेल्या अहवालात पेकोसच्या चर्चची भव्यता वर्णिली. पुढे मात्र अभ्यासकांना हे वर्णन फुगवलेले वाटू लागले, कारण उभे असलेले भग्न चर्च बेताचेच होते. राजाकडून मदत हवी असणारा पाद्री चार शब्द वाढवूनच लिहिणार, हा तर्क तसा गैर नव्हता.

पुरातत्त्वज्ञ ए. व्ही. किडर यांनी १९१५ ते १९२९ दरम्यान येथे केलेले उत्खनन प्रसिद्ध आहे. त्यांचे लक्ष मुख्यतः गावाच्या उकिरड्यावर होते. त्यातील खापरांच्या थरांवरून त्यांनी या प्रदेशाचा कालक्रम बसविला. चर्चचे कोडे सुटले ते पुरातत्त्वज्ञ जीन पिंकली यांच्या हातून. राष्ट्रीय उद्यान सेवेसाठी खोदकाम करताना त्यांना उभ्या भिंतींच्या बाहेर दगडी पाया लागला. तो सुमारे १४५ फूट लांबीच्या सभागृहाचा होता. बेनाविदेस खरे बोलत होता. उभे असलेले चर्च मुळात दुसरेच, १७१७ च्या सुमारास जुन्याच्या जागेवर लहान आकारात बांधलेले होते.

दोन्ही बांधकामे विटांवरूनही ओळखू येतात. नव्या चर्चच्या कच्च्या विटा तांबूस आहेत, तर जुन्याच्या करड्या-काळपट. जुन्या विटांची माती गावच्या उकिरड्यातली, त्यामुळे वीट फोडली की आत राख, कोळसा, हाडांचे तुकडे आणि खापऱ्या दिसतात. आपल्याकडे गावच्या पांढरीची माती घराला वापरतात, तसाच हा प्रकार. अशा सुमारे तीन लाख विटा लागल्या असाव्यात, असा अंदाज आहे.

हे जुने चर्च १६८० मध्ये प्वेब्लो लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध केलेल्या उठावात जाळून पाडण्यात आले. पाद्र्यांच्या मठाच्या आवारात एक किवा, म्हणजे प्वेब्लो लोकांची जमिनीखालची गोल विधी-खोली, आढळली असून तीही काळ्या विटांची आहे. उठावकऱ्यांनी पाडलेल्या चर्चच्या विटांनीच ती मुद्दाम तेथे बांधली, असा अर्थ प्रथम लावला गेला. ही कथा आकर्षक आहे, म्हणूनच जपून घ्यावी. जेम्स आयव्ही या अभ्यासकाच्या मते अशा किवा उठावाच्या कितीतरी आधी, धर्मांतराच्या सोयीसाठी पाद्र्यांच्याच संमतीने बांधल्या गेल्या.

पेकोसचे शेवटचे रहिवासी १८३८ मध्ये हेमेस या दुसऱ्या प्वेब्लो गावातील नातलगांकडे गेले. किडर यांनी गावातून काढलेले सुमारे दोन हजार व्यक्तींचे अवशेष त्यांच्या वंशजांना १९९९ मध्ये परत मिळाले आणि पेकोसच्याच भूमीत पुन्हा पुरण्यात आले.